प्रति: ठळक स्लॅब सेरिफ

‘ठळक वजनात रॉकवेल काय नि क्लॅरेंडन काय, सगळे स्लॅब सारखेच’ हे चर्चेतलं वरचं मत पटलं नाही. हे दोन्ही स्लॅब सेरिफ फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या टोकांना जाड पाय (सेरिफ) असलेले; वजन म्हणजे अक्षराची जाडी. फरक सांध्यात आहे. १९३४च्या रॉकवेलमध्ये सेरिफ उभ्या दांड्याला थेट काटकोनात बसते. १८४५च्या क्लॅरेंडनमध्ये तिथे वळणदार भराव आहे. म्हणून रॉकवेल पोस्टरवरच्या दोन-तीन शब्दांना शोभतो, क्लॅरेंडनमध्ये लांब उपशीर्षकही सुखाने वाचता येतं.

अक्षरांमधल्या जागेबद्दल मात्र कोणीच बोललं नाही, आणि खरी गडबड तिथेच होते. सॅन्स-सेरिफच्या (पाय नसलेल्या अक्षरांच्या) सवयीने मोठ्या आकारात ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधली जागा) आवळलं की स्लॅबचे पाय एकमेकांना चिकटतात, लहान लिपीतले आर आणि एन मिळून चक्क एम वाचला जातो. ट्रॅकिंग शून्यावर ठेवावं आणि कॅपिटल एल-टी, ए-व्ही अशा जोड्या तेवढ्या हाताने जुळवाव्यात. शोषक कागदावर शाई पसरून लहान ई आणि ए यांच्या पोकळ्या बुजतात, तिथे एक वजन खाली उतरा. काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवताना मात्र हीच जाडी कामी येते: शाई आत सरकली तरी सेरिफ टिकते. बारीक रेषांच्या बोदोनी फॉन्टचं तिथे पार वाटोळं होतं.