मदत हवी आहे: अँथुरियमच्या कुंडीत काय भरू?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची. पडवीत अँथुरियमच्या सहा कुंड्या आहेत. अंगणातली तांबडी माती नि शेणखत निम्मं-निम्मं भरलं होतं. दोन पावसाळ्यांत ते विटेसारखं घट्ट बसलं. काल एक रोप उपसून पाहिलं, तर मुळं तपकिरी, चिमटीत धरताच वरची साल सुटून आली. वासही कुजका.

आता नारळाच्या सोडणांचे तुकडे, लाकडी कोळसा नि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावं म्हणते. सोडणं घरचीच, फुकटची! पण ती किती दिवस भिजवायची, पाणी किती वेळा बदलायचं? आणि आपल्याकडच्या पावसात कोकोपीट फार ओल धरेल का? त्याऐवजी पर्लाइट (कुंडीत घालायचे हलके पांढरे खडे) बरं? जून तोंडावर आलाय, त्याआधी कुंड्या बदलायच्यात. कुणी असं मिश्रण वापरलंय का?