परदेशी जायचं कसं ठरवलंत आणि गेल्यावर काय झालं? (अनुभव लिहा)

मी पुण्यात, वय ३६, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जर्मनीतल्या श्टुटगार्टहून ऑफर आलीये. बायको इथे शाळेत पर्मनंट, मुलगी दुसरीत, आईबाबा साताऱ्याजवळ गावाला, तीन एकर शेती. पगार-टॅक्स-बचतीचं एक्सेल तीनदा करून झालं, दर वेळी उत्तर वेगळं येतं, त्यामुळे आकडे नकोत. तुम्ही कसं ठरवलंत, पहिल्या वर्षी कुठे फजिती झाली, आणि काय आधी कोणी सांगायला हवं होतं ते लिहा. गेलेले, न गेलेले, मागे राहिलेले सगळेच लिहा, देश कुठलाही चालेल.

श्टुटगार्टकर

अरे वा, आमच्या गावात येताय! ठरवलं कसं विचाराल तर ठरवलंच नव्हतं, कंपनीने २०१८ ला दोन वर्षांसाठी पाठवलं आणि ती दोन वर्षं अजून चालू आहेत.

पहिली फजिती घराची. इथे भाड्याचं घर बऱ्याचदा किचनशिवाय मिळतं. म्हणजे आम्ही चावी घेऊन आत गेलो तर स्वयंपाकघरात भिंतीतून आलेले दोन पाइप आणि एक वायर, ओटा नाही, सिंक नाही, आधीचा भाडेकरू सगळं सोडवून घेऊन गेलेला. तीन आठवडे बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासली, कुकर इंडक्शनवर, आणि शिट्टी झाली की शेजारचे आजोबा दार वाजवणार ही धास्ती. शेवटी घर सोडून जाणाऱ्या एकाकडून जुनं किचन विकत घेतलं आणि सुट्टं करून टेंपोतून आणलं.

मग केरवोखं. केर आपलाच शब्द वाटतो ना, अर्थही तोच, बिल्डिंगमध्ये ज्याची पाळी त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा, दाराला पाटी येऊन लटकते. पहिल्यांदा मी ती पाटी जाहिरात समजून बाजूला ठेवली. शेजारीण काही बोलली नाही, फक्त स्वतः बादली घेऊन माझ्या दारासमोर पुसत बसली. बस्स, कळलं.

ऑफिसात इंग्लिश चालतं हो, पण मुलीची शाळा, डॉक्टर, पोस्टाने येणारं प्रत्येक पत्र जर्मनमध्ये. ब्लू कार्डवर (तुम्हाला मिळेल तो शिकलेल्या नोकरदारांचा परवाना) जर्मनची बी-१ परीक्षा पास असाल तर २१ महिन्यांत पर्मनंट रेसिडेन्सला अर्ज करता येतो, सगळ्यात सोप्या ए-१ वर २७. वहिनींना व्हिसासाठी जर्मन लागणार नाही तरी क्लास आत्ताच लावा, नोकरी सोडून त्या येणार आहेत, तुम्ही नाही.

आणि शेती म्हणालात म्हणून खास. एनआरआय झालात की पासपोर्ट भारतीय असला तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर चालते. मला हे माहीतच नव्हतं. आमच्या बांधाला लागून पाऊण एकर निघालं, वडिलांनी वीस वर्षं त्याची वाट बघितलेली, पैसे माझ्याकडे तयार, आणि मी घेऊ शकत नाही. भावाच्या नावावर घेतलं. भाऊ चांगला आहे, पण वहिनीने एकदा जेवताना "आमचा तुकडा" म्हटलं ते अजून कानात आहे.

जर्सीवाली

वरच्यांचं "नोकरी सोडून त्या येणार आहेत" वाचून बरं वाटलं, आमच्यात हे वाक्य कोणी उच्चारलंच नव्हतं. ठाण्यात बँकेत नऊ वर्षं काढलेली, २०११ ला अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर बायकोला मिळतो त्या व्हिसावर आले, काम करायची परवानगीच नाही. न्यू जर्सीत एडिसनला होतो, तिथल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून सगळं मिळायचं, त्यामुळे खाण्यापिण्याने कधी रडू आलं नाही. रडू आलं ते नवऱ्याकडे भाजीला पैसे मागताना. तोही बिचारा ओशाळायचा, मग त्याने पाकीट ओट्यावरच ठेवायला सुरुवात केली, ते तर आणखीच नको वाटायचं. मे २०१५ मध्ये नियम बदलला, नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेलं होतं म्हणून मला वर्क परमिट मिळालं. पहिला पगार डेकेअरचा. आईला साडी पाठवली, नवऱ्याला सांगितलं पण नाही.

आता काळजी दुसरीच. मोठी भारतातली, दोन वर्षांची आली होती, धाकटा इथला, म्हणजे जन्मापासून अमेरिकन. ग्रीन कार्डच्या रांगेत दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा, भारताची रांग किती लांब ते इथे सगळ्यांना माहितीय. एकविसाव्या वर्षापर्यंत कार्ड आलं नाही तर तिला आमच्या व्हिसावर राहता येणार नाही, स्वतःचा काढायचा. एका ताटात जेवणारी भावंडं ही. ती परवा म्हणाली, मी इथे नक्की कोण आहे? तुमची दुसरीतली आहे ना, तिला विचारलंत का?

दोहा रिटर्न होणार

आमच्याकडे ठरवायला काय आसतंय, चिपळूणपासून आत गाव, चुलता गल्फला होता, मीपण गेलो, २००९. एसीचं काम. एजंटने सांगितलेला पगार आणि हातात आलेला यात फरक निघाला, पण कर्ज काढून आलेलो, परत कुठे जाणार. नोकरी बदलायची तर मालकाची एनओसी, म्हणजे हरकत नाही असं पत्र, लागायची, ते २०२० ला बंद झालं. उन्हाळ्यात दहा ते साडेतीन उघड्यावर काम बंद असतं, तेव्हा बाकीचे झोपतात, मी घरी फोन लावतो. एक मात्र चांगलं, इथे नागरिक होणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत, मग "राहू की जाऊ" हा तुमच्यासारखा किडा डोक्यात नाही. गावाला घर बांधलं, सहा खोल्या. आईला एक खोली पुरते, बाकी कुलूप. रजा गणपतीचीच घेतो, मग पंधरा दिवस सगळे दरवाजे उघडे.

न गेलेला

२००७ ला लंडनची ऑफर नाकारली, वडिलांना बायपास सांगितलेली. ते ठणठणीत आहेत, रोज रंकाळ्याला तीन फेऱ्या मारतात आणि "माझ्यामुळे राहिलास असं म्हणू नको" म्हणून भांडतात. मी कधीच म्हटलेलं नाही हो.

सांगलीचे आजोबा

वय ७१, टायपिंगच्या चुका माफ कराव्यात. मुलगा टोरांटोला आहे. आम्ही दोघं एकदा सहा महिन्यांसाठी गेलो आणि चौथ्या महिन्यात परत आलो. सुनेने सगळं केलं, पण सकाळी फिरायला गेलं तर रस्त्यात बोलायला माणूस नाही. हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मुलगा येतो म्हणत होता, मीच नको म्हटलं, शेजारच्या मुलाने डबे आणले. ऑपरेशन नीट झालं, पण विम्याचे कागद सापडेनात, पासवर्ड मुलाकडे, आणि तिथे रात्रीचे दोन. तेव्हा जाण्याआधी एक दिवस वडिलांशेजारी बसा. विमा, बँक, डॉक्टर, वायरमन, सगळं वहीत लिहा, मोठ्या अक्षरात. मोबाइलमध्ये नको.

धागाकर्ता

सगळ्यांना थँक्यू, दोनदा वाचलं. मुलीला विचारलं, तिने विचारलं तिथे मांजर पाळू देतात का. बायकोने जर्सीवाल्या ताईंचं वाचलं आणि तासभर काही बोलली नाही, मग म्हणाली बिनपगारी रजा किती वर्षं मिळते ते उद्या शाळेत विचारते. बाबांना शेजारच्या जमिनीचं विचारलं, तर आपल्या बाजूला कोणी विकत नाहीये म्हणाले, वही मात्र आणून ठेव.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. श्टुटगार्टकर, ते जुनं किचन घेताना नळ त्यातच येतो की वेगळा घ्यावा लागतो?