मदत हवी आहे : ईमेल यादीच्या मालकाला मोबदला कसा द्यावा?

नमस्कार. माझ्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रचारासाठी, त्याच विषयावर नियमित ईमेल पाठवणाऱ्या काही यादीमालकांशी माझी बोलणी सुरू आहेत. मी प्रत्येक विक्रीमागे कमिशन देऊ इच्छिते; त्यांना मात्र ठरावीक रक्कम आगाऊ हवी आहे आणि पुरावा म्हणून ते ओपन रेट (पाठवलेल्यांपैकी किती ईमेल उघडले गेले, ते प्रमाण) दाखवतात. परंतु ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन ही गोपनीयतेची सोय आणल्यापासून, वाचकाने ईमेल न उघडताही तो उघडल्याची नोंद होऊ शकते, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी ईमेलमधल्या लिंकवरील क्लिकचे प्रमाण मागावे, की यादीच्या लहानशा भागावर आधी चाचणी घ्यावी? वाचकांचे पत्ते मला नकोच आहेत. ईमेल पाठवण्याची संमती वाचकांनी यादीमालकाला दिलेली असल्याने ईमेलही त्यांच्याकडूनच जावा, असे माझे ठाम मत आहे. ग्राहकाने पैसे परत घेतल्यास त्या विक्रीच्या कमिशनचे काय, हे करारात कसे लिहावे, तेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.