मराठवाड्यातल्या रस्त्यांवर लेकरासाठी तीनचाकी छोटी बाबागाडी घ्यावी का?

पहाटफेरी (परभणी)

बाबागाडी घ्यायला गेलं की दुकानदार आधी घडी घालून दाखवतो. एका हाताने मिटते, रिक्षात मागं मावते, रंग चार आहेत. चाकाकडं कुणी बोट दाखवत नाही. माझं म्हणणं असं, की आपल्याकडच्या गावांत फिरवायची असेल तर तीनचाकी घ्यावी आणि चाकं जेवढी मोठी झेपतील तेवढी मोठी घ्यावीत. घडी किती लहान होते हे त्यानंतर बघावं.

कारण आपला रस्ता. घरातून निघालं की उंबरा, मग उखडलेले गट्टू, नालीवरचं वर आलेलं झाकण, डांबर संपून मुरूम सुरू होतो तिथली कड, आणि दर गल्लीत एक स्पीड ब्रेकर. चारचाकीचा सांगाडा ताठ असेल तर अशा जागी एक चाक अधांतरी राहतं आणि गाडी डुगडुगते. तीन टेकूंवर उभी असलेली वस्तू कितीही खडबडीत जागेवर तिन्ही टेकूंवर बसते. तीन दगडांची चूल हलत नाही ती त्याच कारणाने.

चाकाच्या आकाराचं तर साधं गणित आहे. ४ सेंटिमीटर उंचीची कड आडवी आली, तर १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला ती चढायला ३० सेंटिमीटरच्या चाकापेक्षा जवळपास दुप्पट जोर लागतो. हा जोर आजीच्या मनगटातून येतो. सकाळी लेकराला फिरवायला बहुतेक घरांत आजी-आजोबाच जातात, आई-बाबांची कामाची घाई असते. म्हणून मला वाटतं, विकत घेणाऱ्याने स्वतःच्या नाही, ढकलणाऱ्याच्या हाताचा विचार करावा.

आमच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते. तिथले आतले रस्ते बरे आहेत, पण तिथवर पोचायचं तर गावातूनच जावं लागतं. छोट्या चाकाची गाडी त्या वाटेवर ढकलण्यापेक्षा लेकराला उचललेलं बरं, असं ढकलणाऱ्याला वाटतं आणि गाडी माळ्यावर जाते.

तुमची मतं सांगा. विरोधातली असली तरी चालतील, पण कारणासकट.

लातूरची_सून

दादा, तुम्ही मुख्य गोष्ट बाजूला ठेवून बोलायलात. आपण बाबागाडी ढकलतो कमी आणि उचलतो जास्त. आमचं घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गाडी खाली न्यायची, स्कुटीच्या पायात ठेवायची, बागेत उघडायची, परत मिटायची. मोठ्या हवेच्या चाकांची तीनचाकी ११ ते १३ किलोची असते. कडेवर दहा किलोचं लेकरू आणि हातात ती गाडी, असा जिना उतरून बघा एकदा. हलकी चारचाकी सहा-सात किलोत मिळते. माझं मत पक्कं आहे, वजन आधी आणि चाक नंतर.

दुसरं, तीनचाकीचं पुढचं टोक निमुळतं असतं म्हणून ती अरुंद वाटते. फसू नका. रुंदी मागच्या चाकांत असते, आणि बऱ्याच तीनचाकींत ती ६० सेंटिमीटरच्या आसपास जाते. आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, संध्याकाळी त्यातल्या कुठल्याही रस्त्यावर हातगाडी आणि दुचाकीच्या मधून पुढचं चाक निघतं आणि मागचं अडकतं. मागून येणारा हॉर्न वाजवतो तो वेगळाच.

काळ्या_मातीतला (हिंगोली)

मी तर म्हणतो दोन्ही नको. लेकरू कडेवर असतं तेव्हा त्याला माणसांचे चेहरे दिसतात. गाडीत बसवलं की त्याच्या तोंडासमोर दुचाकीचा धूर आणि कुत्री. आमच्याकडं पावसाळ्यात चिखल असा धरतो की बैलगाडीचं चाक जागचं हलत नाही, तिथं हे प्लॅस्टिकचं चाक काय करणार? काळी माती चाक आणि त्याला धरणाऱ्या दांड्याच्या मधल्या फटीत भरते, वाळली की दगड होते. तुळजापूरला पायऱ्या उतरूनच देवीसमोर जावं लागतं, वेरूळला कैलास लेण्यात उंचसखल कातळ. चांगल्या ठिकाणी जायचं म्हटलं की गाडी बाहेरच ठेवायची. मग पैसे कशाला घालायचे? ओढणीची किंवा सुती कापडाची झोळी घ्या, लेकरू छातीशी राहील.

पहाटफेरी (परभणी)

काका, झोळीला माझा विरोध नाही. पण दीड वर्षाचं लेकरू साठीच्या आजीने किती वेळ कडेवर घ्यायचं? कंबर तिची जाते. देवाला जाताना झोळी घ्या, रोजच्या फेरीला गाडी घ्या, यात भांडण कुठं आहे?

ताई, वजनाचा मुद्दा मान्य, पण त्यावरून चारचाकीवर उडी कशाला? तीनचाकीतही मधल्या आकाराच्या येतात. साधारण २० सेंटिमीटरची भरीव फोमची चाकं, वजन आठ-नऊ किलो, सीटमधला पट्टा वर ओढला की मधून मिटणारी. मी त्याच प्रकाराबद्दल बोलतोय. धावण्यासाठी बनवलेली मोठी गाडी आपल्याला लागतच नाही.

सायकलवाला (जालना)

चाकांबद्दल बोलायलात म्हणून लिहितो, हा आमचा रोजचा धंदा आहे. हवेची चाकं मऊ चालतात यात शंका नाही, पण आपल्याकडं सराटा आणि वेडी बाभूळ आहे. रस्त्याच्या कडेला दोन्ही भरपूर. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर करूनच पडतो, आणि बाभळीचा काटा जाड टायरातूनही ट्यूबपर्यंत जातो. लहान मुलांच्या सायकलीच्या ट्यूबा घेऊन येणारे सगळे हेच काटे उपसून दाखवतात.

१२ इंची चाक असेल तर लहान सायकलची ट्यूब बऱ्याच गाड्यांना बसते, फक्त व्हॉल्व्ह वाकडा लागतो, कारण चाक लहान असल्यामुळे सरळ व्हॉल्व्हला पंपाचं तोंड लावायला जागा राहत नाही. पण १०-११ इंचाच्या खाली गेलात तर ट्यूब आपल्या पेठेत सहज मिळत नाही, मागवावी लागते. म्हणून छोटी तीनचाकी घ्यायची तर फोमचंच चाक घ्या. त्याला हवा नाही, पंक्चर नाही. नखाने दाबून बघा, थोडं दबून परत वर आलं पाहिजे. कडक प्लॅस्टिकचं चाक गट्टूवर इतकं खडखडतं की झोपलेलं लेकरू उठतं.

आणखी एक. पुढचं चाक गोल फिरणारं असतं, त्याला कुलूप घालायची सोय आहे का ते बघाच. मुरमाच्या रस्त्यावर मोकळं चाक थरथरायला लागतं. कुलूप घालून सरळ केलं की गाडी नीट चालते. ते चाक काढता-घालता येणारं असेल तर घालताना घट्ट बसलं का ते हाताने ओढून तपासा. अमेरिकेत २०१८ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने धावण्याच्या तीनचाकी गाड्यांच्या याच निघणाऱ्या पुढच्या चाकावरून एका कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली होती. चालताना चाक सुटून लेकरं आणि मोठी माणसं पडली होती.

लातूरची_सून

हेच मला म्हणायचं होतं! पुढं एकच चाक, आणि तेच गेलं तर? चारचाकीत एक चाक बिघडलं तरी गाडी तिथल्या तिथं नाक घासत नाही. आणि कलंडण्याचं काय? तीनचाकी बाजूला झुकते. लेकरू सीटमध्ये पुढं वाकून एका बाजूला लोंबकळलं, त्याच वेळी मागचं चाक खड्ड्यात गेलं, की झालं.

पहाटफेरी (परभणी)

झुकते, पण कधी ते बघा. तीन चाकं जोडली तर त्रिकोण होतो. वजन त्रिकोणाच्या टोकाकडं, म्हणजे पुढच्या चाकाकडं आलं, तर कलंडायला जागा कमी उरते. वजन मागच्या दोन चाकांच्या जवळ असेल तर तिथं त्रिकोण रुंदच असतो. त्यामुळे सीट मागच्या आसाच्या जवळ आणि खाली बसलेली गाडी निवडायची. लेकराला बसवून बाजूने पाहिलं तरी कळतं. त्याचाच आणखी एक फायदा असा, की हँडल थोडं दाबलं की पुढचं चाक उचलतं आणि पायरी चढते. तुमच्या चारचाकीत दोन हात आणि एक पाय लावावा लागतो.

बालवॉर्डातली_सिस्टर (नांदेड)

तुमचा त्रिकोण बरोबर आहे भाऊ, पण एक जोडते. वजन मागच्या आसाजवळ असलेली गाडी मागं पटकन उलटते. आणि आपल्याकडं प्रत्येक आई हँडलला भाजीची पिशवी अडकवते. लेकराला उचललं की समोरचं वजन गेलं, पिशवी मागं ओढते, गाडी उताणी. लेकरू आत असताना उलटली तर डोक्याच्या मागच्या बाजूला मार. पिशवी सीटखालच्या टोपलीत ठेवा, हँडलला काहीही नको. हा नियम तीनचाकीला जास्त लागू आहे.

आता मला चाकांपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते सांगते, कारण इथं कुणीच बाळाचं वय विचारलं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची मान आणि पाठ धरलेली नसते. त्याला सीट जवळजवळ पूर्ण आडवी होणारीच गाडी हवी. छोट्या घडीच्या बऱ्याच गाड्या अर्ध्यापर्यंतच आडव्या होतात, तान्ह्याची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास अडतो. लेकरू आधाराशिवाय नीट बसायला लागेपर्यंत अशी गाडी नको. पट्टा पाच टोकांचा हवा, दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांच्या मधून. नुसता कमरेचा पट्टा असेल तर लेकरू खाली घसरतं किंवा उभं राहतं.

आणि ऊन! नांदेड-परभणीला मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो. लोक गाडीवर ओढणी किंवा टॉवेल टाकून चारी बाजूंनी झाकतात, लेकराला सावली मिळते म्हणून. आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा गरम होतं. तापलेल्या डांबराच्या जवळ बसलेलं ते लेकरू आधीच आपल्यापेक्षा जास्त उष्णता सोसत असतं. छत मोठं, मागं जाळीची खिडकी, आणि कापड न टाकता फिरणं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी. सीटचं कापड काळं नको, बकल लोखंडी असेल तर बसवण्याआधी हात लावून बघा.

काळ्या_मातीतला (हिंगोली)

सिस्टर, एवढ्या सगळ्या अटी असतील तर माझं म्हणणंच खरं ठरायलंय ना? पट्टा बघा, काटा बघा, ऊन बघा, बिजागरी बघा. कडेवर घेतलेल्या लेकराला यातलं काही लागत नाही.

बालवॉर्डातली_सिस्टर (नांदेड)

काका, कडेवरचं लेकरू घेऊन दुचाकीवर मागं बसलेल्या आया मी रोज बघते. मला गाडीच बरी वाटते.

बिजागरीचं नाव काढलंत ते बरं केलं. गाडी उघडताना-मिटताना लेकरू जवळ नको. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख बाबागाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची झाकणं द्यावी लागली, कारण मुलांची बोटं त्यात सापडून टोकं तुटली होती. ओवेन मॅक्लारेन विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला इंजिनिअर, १९६५ च्या सुमाराला त्यानेच छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी काढली. इतक्या जुन्या आणि नावाजलेल्या घडीतही हे घडलं. स्वस्त गाडीत बिजागरी उघडी आहे की झाकलेली, हे बोट फिरवून बघा.

आठवडी_बाजार (छत्रपती संभाजीनगर)

मी दोन्ही बाजू वाचल्या. आमच्याकडं सिडकोच्या आतल्या रस्त्यांवर, विद्यापीठाच्या आवारात तीनचाकी सुरेख चालते. पण तीच गाडी गुलमंडी-पैठण गेटला न्यायचा विचारसुद्धा करू नये, तिथं मोठ्या माणसाला चालायला जागा नाही. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जायचं तर मला सपाट मिटणारी चारचाकी पसंत, कारण तीनचाकीची घडी झाल्यावरही पुढचं चाक बाहेर डोकावतं आणि सीटखाली ढकलताना अडतं. चाक काढता येत असेल तर वेगळं.

एक करता येईल. दुकानात जाताना दहा किलोची ज्वारीची पिशवी सोबत न्या. सीटमध्ये पट्ट्याने बांधा आणि दुकानाच्या पायरीवरून, समोरच्या रस्त्यावरून एका हाताने ढकलून बघा. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर रिकामी गाडी सगळ्यांचीच छान चालते. आणि ज्याला ती रोज फिरवायची आहे त्यालाच ढकलू द्या.

लातूरची_सून

दुकानदार ऐकत नाही हो. गाडी रस्त्यावर गेली की वापरलेली झाली म्हणतो.

आठवडी_बाजार (छत्रपती संभाजीनगर)

मग त्या दुकानातून घेऊ नका ताई. पायरीपर्यंत तरी न्यायला कुणी हरकत घेत नाही, आणि पायरीवरच बरंच कळतं.

लातूरची_सून

पायरी करून बघते, सासूबाईंना घेऊनच जाते. पण वजनावर मी ठाम आहे. आठ किलोच्या वरची गाडी आमच्या जिन्यावरून रोज उतरणार नाही, चाक कितीही मोठं असू द्या. तीनचाकी आठच्या आत मिळाली, पुढच्या चाकाला कुलूप असलं आणि बिजागरी झाकलेली असली, तरच घेईन. नाहीतर चारचाकी, आणि उखडलेल्या गट्टूंसाठी महापालिकेला अर्ज.

पहाटफेरी (परभणी)

अर्ज नक्की करा. आम्हीही आमच्या वॉर्डातून करतो, नालीच्या झाकणांचा.