प्रतिसाद: जॉन प्रिचर्ड आणि लँडाफ

एका वाचकाचं म्हणणं आहे की लंडन गाठलं नाही तर व्हिक्टोरियन काळातल्या वेल्श आर्किटेक्टच्या वाट्याला फक्त डागडुजीच यायची. बऱ्याच जणांच्या बाबतीत हे खरं आहे, पण जॉन प्रिचर्डला (1817-1886) ते लागू पडत नाही. त्याचे वडील वेल्समधल्या कार्डिफजवळच्या लँडाफ कथीड्रलच्याच (बिशपच्या मुख्य चर्चच्या) सेवेत होते. तो शिकून परत आला आणि तिथेच राहून त्याने काम केलं. 1850च्या दशकात जॉन पोलार्ड सेडन त्याचा भागीदार होता. पुढे सेडन लंडनला गेला, प्रिचर्ड लँडाफलाच राहिला. तरीही इंग्लंडमधल्या वॉरिकशरचा एटिंग्टन पार्क हा रंगीत दगडांच्या पट्ट्यांचा भलामोठा वाडा त्याच्याकडेच आला.

आणि लँडाफच्या कामाला डागडुजी कसं म्हणायचं? पडक्या कथीड्रलच्या आत जॉन वुड या इंग्लिश आर्किटेक्टने अठराव्या शतकात ग्रीको-रोमन थाटाचं देऊळवजा बांधकाम घुसवलं होतं. ते काढून मूळ गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीची, इमारत पुन्हा उभी राहिली. मला सगळ्यात भावतो तो नैऋत्येचा मनोरा. तिथला जुना मनोरा अठराव्या शतकात कोसळला होता. शेजारी पंधराव्या शतकातला जॅस्परचा मनोरा, सपाट माथ्याचा, कोपऱ्यांवर नक्षीदार कळस असलेला. त्याची जोडी जुळवणं सोपं होतं, पण प्रिचर्डने उंच निमुळतं शिखर चढवलं. 1869 साली ते पुरं झालं. दोन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या ठेवायला धाडस लागतं. 1941च्या जानेवारीत जर्मन सुरुंगाने कथीड्रलचं छप्पर उडवलं, शिखरालाही धक्का बसला, पण लोकांनी ते दुरुस्त करून ठेवलं.