निवृत्त खेळाडूंच्या मुलाखती: उमेद संपली म्हणून थांबायचं?

लालबागकर
परवा इथे एकाने लिहिलं, "निवृत्त खेळाडूंच्या मुलाखती घेणं बंद करतोय. वाचायला कोणी नाही, पदरचे पैसे जातात, उमेद संपली. निकाल वर्तमानपत्रांत आहेतच." खाली 'खरंय' म्हणणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

निकालात काय असतं? हेलसिंकी १९५२, खाशाबा जाधव, कांस्य. जपानच्या इशीशी लांबलेल्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल मामादबेयोवपुढे उभं केलं आणि अर्ध्या तासाची हक्काची विश्रांती मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, हे निकालपत्रकात नाही. माणसांनी सांगितलं म्हणून उरलं. १९८४ ला खाशाबा अपघातात गेले. त्यांच्यापाशी बसायला लोकांना बत्तीस वर्षं होती. किती जण बसले?

माझे वडील गिरणीच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचे. ते गेल्यावर कपाटात संघाचा फोटो सापडला. बारा माणसं. वडील सोडून एकाचंही नाव मला सांगता येत नाही. उमेद कुठून आणायची म्हणणाऱ्याने तो फोटो बघावा.

अर्धवट_वही
ती पोस्ट माझी. सहा जणांशी बोललोय, तुम्ही किती जणांशी बोललात? एक तासाचं बोलणं कागदावर उतरवायला मला पाच तास लागतात. विरारहून चर्चगेटला नोकरी, घरी पोचायला साडेआठ. वर त्या खेळाडूंच्या घरचे म्हणतात, "त्यांना कशाला जुनं उकरून त्रास देता?"

आणि खाशाबांचंच घ्या. ती विश्रांतीची गोष्ट मी प्रत्येक लेखात वेगळी वाचलीय. माझ्या एका काकांनी एकाच अंतिम सामन्याचे तीन वेळा तीन प्रतिस्पर्धी सांगितले. याला इतिहास म्हणायचं?

गिरणगाव_८२
मुलाखती राहू द्या, खेळाडू का संपले ते आधी लिहा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. गिरणी गेली तशी खेळाडूची नोकरी गेली, संध्याकाळचा सराव गेला, चाळीतलं मैदान गेलं. माझा मोठा भाऊ चढाईला उतरला की गर्दी पुढे वाकायची. नंतर तो सुरक्षारक्षक झाला, बारा-बारा तास उभा. त्याला विचारायला कोण आलं? आता मॅटवर बूट घालून खेळतात, त्याला कबड्डी म्हणतात. मातीत पाय रोवता यायचा, मातीत दम कळायचा.

कोपरारक्षक
दादा, हे मला पटत नाही. मातीत माझ्या मामाचा गुडघा दोनदा गेला, तिथे दम काय कळणार? २०१४ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला तेव्हा मी शाळेत होतो. तो बघून खेळायला लागलो. त्या लीगमुळे पोरांच्या घरात पैसा आलाय.

गिरणगाव_८२
पैसा किती जणांच्या घरात? माझ्या भावाच्या पिढीला रेल्वेत, बँकेत, गिरणीत आयुष्यभराची नोकरी मिळायची. तुमचा करार हंगामापुरता. गुडघा मॅटवरही जातो, तेव्हा कोण उभं राहतं ते लिहा.

कोपरारक्षक
माझा खांदा गेलाय, त्यामुळे मला शिकवू नका. एवढं मान्य करतो की दुखापत झाल्यावर फोन फक्त घरच्यांचे आले. पण माती परत आणल्याने ते बदलणार नाही.

लालबागकर
तुम्ही दोघं आत्ता जे बोललात तेच तर नोंदवायचंय! माती, मॅट, संप, करार, खांदा. निकालपत्रकात यातलं काहीही नाही.

खोखो_ताई
बायकांचं नाव अजून कोणी काढलं नाही, म्हणून लिहिते. मी शिवाजी पार्कात वाढले, राज्य पातळीवर खो-खो खेळले. लग्नानंतर माझे चषक सासरी माळ्यावर गेले आणि रंगकामाच्या वेळी भंगारात. मला महिनाभरानंतर कळलं.

एकदा एक मुलगा मुलाखतीला आला. पहिला प्रश्न, "पदकं किती?" मी म्हटलं तीन. दहा मिनिटांत वही मिटली. पुढे माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, पळताना वेणी कशी बांधायचीस?" त्या एका प्रश्नावर मी दोन तास बोलले. पाळी आली की काय करायचो, बाहेरगावी शाळेच्या वर्गात कसं झोपायचो, खांबाला वळसा घालताना तळहाताची साल कशी निघायची. साडेचार मिनिटं नाबाद पळाले तो दिवस सांगताना रडले.

अर्धवट_वही, तू थकलास हे मला कळतं. पण पदकांपासून सुरुवात केलीस तर समोरचाही थकतो. काकांना प्रतिस्पर्धी आठवत नसेल तर तारीख, नाव कात्रणात शोध. त्यांना शरीराचं विचार, ते चुकत नाही.

अर्धवट_वही
ते चुकत नाही हे मला मान्य नाही, माणूस दुखणंही वाढवून सांगतो. पण सहाही जणांना मी पहिला प्रश्न पदकांचाच विचारला होता, हे खरं आहे. आणि लिहून काढण्याआधी नुसता आवाज जपून ठेवता येतो, हेही मान्य करायला हवं.

लालबागकर, तो फोटो अजून आहे? माझ्या सहांपैकी एक सर त्याच सुमारास परळच्या संघात होते. दोन-चार चेहरे ओळखतील कदाचित. मात्र त्यांनी सांगितलेलं प्रत्येक नाव मी जुन्या अंकांशी ताडून बघणार, आधीच सांगतो.

लालबागकर
आहे. रविवारी घेऊन येतो. किती वाजता?

अर्धवट_वही
सकाळी नऊ. दहानंतर त्यांचा गुडघ्याला शेक असतो.

गिरणगाव_८२
मीही येतो. भावाला आणतो, जिने चढायला त्याला वेळ लागेल.