चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या चरित्रनोंदीतील साल, जन्मस्थळ आणि पुरस्कार कसे पडताळावेत?

प्रश्न : कुडाळचा वाचक

नमस्कार. एका मुक्त ऑनलाइन ज्ञानकोशातील कवी, नाटककार व कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर यांच्यावरची मराठी नोंद सध्या मी तपासत आहे. जन्म ८ मार्च १९३० आणि मृत्यू २६ एप्रिल १९७६ या तारखांविषयी शंका नाही; अडचणी त्यापुढे सुरू होतात. ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्याचे वाक्य नोंदीत होते, ते कोणीतरी ‘मृत्यूनंतर पुरस्कार कसा?’ असा शेरा मारून काढून टाकले आहे. ‘एक शून्य बाजीराव’ या नाटकापुढे १९६६ हे साल आहे, पण ते पहिल्या प्रयोगाचे की पुस्तकाचे, हे सांगितलेले नाही. जन्मस्थळापुढे ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ असे लिहिले आहे. शिवाय त्यांच्या कुडाळातील खानावळीच्या दिवसांवर एक लांबलचक परिच्छेद आहे. त्याला एका दैनिकातील पुण्यतिथीच्या लेखाचा संदर्भ जोडलेला असून दोन्हींकडची वाक्ये जवळजवळ शब्दशः सारखी आहेत. हे कोणत्या क्रमाने तपासावे?

उत्तर : जुना नोंदलेखक, रत्नागिरी

पुरस्काराचे वाक्य प्रथम परत आणावे. ‘नक्षत्रांचे देणे’ हा संग्रह १९७५ साली प्रसिद्ध झाला आणि अकादमीचा १९७८ चा पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला. संदर्भ म्हणून साहित्य अकादमीची स्वतःची पुरस्कारयादी द्यावी आणि वाक्यात ‘मरणोत्तर’ हा शब्द स्पष्ट घालावा, म्हणजे पुढचा उत्साही संपादक तेच वाक्य पुन्हा खोडणार नाही. तो संग्रह आरती प्रभू या नावाने आहे आणि नाटके मूळ नावाने आहेत, त्यामुळे ग्रंथालयाच्या तालिकेत दोन्ही नावांखाली शोध घ्यावा लागतो. एकाच नावावर थांबणाऱ्यास निम्मा लेखक सापडतो.

नाटकाच्या सालाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नाटकाला निदान तीन तारखा असतात : संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (नाट्यसंहिता तपासणाऱ्या शासकीय मंडळाचे) प्रमाणपत्र मिळाल्याची, शुभारंभाच्या प्रयोगाची आणि पुस्तक छापून आल्याची. या तिन्ही एकाच वर्षात पडतील असे नाही, आणि ज्ञानकोशातील याद्या त्यांची सर्रास सरमिसळ करतात. पुस्तकाचे साल पहिल्या आवृत्तीच्या मुद्रणपृष्ठावरून घ्यावे. पुढच्या आवृत्तीवर विसंबू नये, कारण काही प्रकाशक त्यात आधीच्या आवृत्त्यांची साले देत नाहीत. प्रयोगासाठी त्या काळच्या मुंबईच्या दैनिकांतील नाटकांच्या जाहिराती आणि परीक्षणे पाहावीत. परीक्षण अधिक उपयोगी पडते, कारण जाहिरात प्रयोग ठरल्याचे सांगते, झाल्याचे नव्हे. ‘एक शून्य बाजीराव’ विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले, तेव्हा त्या संस्थेच्या इतिहासाविषयीचे लेखनही पाहता येईल. त्याच यादीत ‘अजब न्याय वर्तुळाचा’ स्वतंत्र नाटक म्हणून आले असेल, तर ते जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘द कॉकेशियन चॉक सर्कल’वर आधारलेले आहे, हे तेथेच नमूद करावे.

उत्तर : सावंतवाडीची अभ्यासक

जन्मस्थळाविषयी लिहिते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणजे खानोलकरांच्या हयातीत तो अस्तित्वातच नव्हता. मात्र ‘तत्कालीन रत्नागिरी जिल्हा’ असे सरसकट लिहूनही भागत नाही. १९३० साली वेंगुर्ले ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात होते, तर कुडाळ पेटा (तालुक्यासारखा महसुली विभाग) सावंतवाडी संस्थानात होता आणि ते संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे तळकोकणातील कोणत्याही जुन्या लेखकाच्या नोंदीत गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होते, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. सर्वांत सुरक्षित मांडणी अशी : गावाचे नाव ‘बागलांची राई, तेंडोली’ असे द्यावे आणि पुढे ‘सध्या सिंधुदुर्ग जिल्हा’ एवढेच लिहावे. आजच्या नकाशावरून मागचा कारभार ठरवू नये.

उत्तर : जुना नोंदलेखक, रत्नागिरी

खानावळीच्या परिच्छेदाचा निकाल नोंदीचा ‘इतिहास’ उघडल्यावर लागेल. ती वाक्ये कोणत्या दिवशी घातली गेली हे तेथे दिसते. ती तारीख दैनिकातील लेखाच्या आधीची असेल, तर लेखकाने नोंदीवरून उतरवून घेतले आणि मग नोंदीने त्याच लेखाचा आधार घेतला, असे मानण्यास जागा आहे. असा संदर्भ काढून टाकावा. जयंती-पुण्यतिथीच्या लेखांत हे वारंवार घडते. तारीख नंतरची असेल, तर प्रश्न उचलेगिरीचा आहे आणि परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहावा लागेल.

उत्तर : वेंगुर्ल्याचा नाट्यप्रेमी

मला हे फार कोरडे वाटते. कुडाळात त्या दिवसांच्या आठवणी ऐकलेली माणसे आजही भेटतात. त्यांचे म्हणणे छापील लेखाहून हलके का मानावे?

उत्तर : सावंतवाडीची अभ्यासक

हलके मानू नये, पण नोंदीत थेट घालू नये, कारण वाचकाला ते पडताळता येत नाही. आपण त्या आठवणी सांगणाऱ्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून एखाद्या नियतकालिकात लेखरूपाने छापून आणाव्यात. त्यानंतर ‘अमुक यांच्या आठवणीनुसार’ असा उल्लेख करून त्यांचा उपयोग करता येईल. तसे पाहता, कादंबऱ्यांतील वातावरणावरून लेखकाचे बालपण रचणाऱ्या वाक्यांपेक्षा या आठवणी कितीतरी बऱ्या. नोंदीत ‘कोंडुरा’ या कादंबरीतील प्रसंग चरित्र म्हणून आले असतील, तर ते आधी काढावेत.

प्रश्नकर्ता : कुडाळचा वाचक

आभारी आहे. पुरस्काराचे वाक्य अकादमीच्या यादीसह आजच परत घालतो आणि जन्मस्थळाची मांडणी ताईंनी सुचवल्याप्रमाणे बदलतो. ‘एक शून्य बाजीराव’चे साल तूर्त तसेच ठेवून त्यापुढे ‘संदर्भ हवा’ ही खूण लावतो आणि चर्चापानावर कारण लिहितो. पहिल्या आवृत्तीचे मुद्रणपृष्ठ पाहिल्यावरच ती काढीन.